जुन्या डेस्कटॉपवर पैसे घालायचे, तर नेमके कशावर?

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरात बाबांचा डेस्कटॉप आहे. २००९ साली असेंबल करून घेतलेला: कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. सोसायटीचे हिशेब, मेन्टेनन्सच्या पावत्या, गणपतीची वर्गणी, सगळं त्यावर. शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, तोही पॅरलल पोर्टवाला, म्हणजे यूएसबीआधीच्या जुन्या रुंद जोडणीचा. गेल्या पावसाळ्यात बाबांनी घड्याळ लावून मोजलं: बटण दाबल्यापासून एक्सेलची फाइल उघडेपर्यंत सात मिनिटं. मग ह्यातच भर घालायची की दुसरं मशीन आणायचं, यावर घरात महिनाभर खल झाला. असाच डबा तुमच्याकडे असेल तर आमचा हिशेब कामी येईल.

खर्चाचं बोलण्याआधी कॅबिनेट उघडा. प्रोसेसरच्या आजूबाजूला छोटे दंडगोल उभे असतात, ते कपॅसिटर. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगली असतील किंवा तपकिरी काही गळून सुकलं असेल, तर त्या बोर्डवर रुपयाही घालू नका. आमची शाबूत होती. पंख्याखाली मात्र धुळीची अख्खी गादी निघाली. ती काढली, रॅमचे सोनेरी दात खोडरबरने पुसले (खाडीकाठच्या दमट हवेत ते काळवंडतात) आणि बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला. सेल मेला की मशीनची तारीख मागे जाते, मग बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही आणि आपण इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसतो.

आता मुख्य सामना: रॅम की एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपांवर माहिती साठवणारी डिस्क)? दुकानात पहिला सल्ला रॅमचा मिळतो. माझं मत उलटं आहे. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद, शिवाय सुई सरकण्याचा वेळ वेगळा. मशीन सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फाइली वाचल्या जातात. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. बोर्डवरचा साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) जुना, सेकंदाला ३०० एमबीच्या वर न जाणारा, म्हणून नव्या एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही. पण फरक पडतो तो त्या बारीक फाइलींमुळे, आणि तो मिळतो. घ्यायची ती अडीच इंची साटावाली, साधी २५६ जीबीची. एनव्हीएमई (नव्या प्रकारची एसएसडी) ‘फास्ट असते’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. अॅडॉप्टर लावून ती दिसेल, पण हे जुने बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) तिच्यावरून मशीन सुरू करत नाहीत.

रॅम दुसऱ्या नंबरला, पण हवीच. २ जीबीत आजचा ब्राउझर दोन टॅबांतच धापा टाकतो. इथे माझी एक फेरी वाया गेली. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवरून डीडीआर३ (रॅमचा एक प्रकार) ४ जीबीची एक स्टिक घेतली, घरी लावली, तर नुसता बीप. स्टिक खराब नव्हती. जी४१ला २ गिगाबिटपेक्षा (म्हणजे पाव जीबीपेक्षा) मोठी चिप ओळखता येत नाही, म्हणून ४ जीबीच्या स्टिकवर सोळा चिपा लागतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. माझ्या स्टिकवर एकाच बाजूला आठ होत्या. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली, दोन्ही स्लॉट भरून ८ जीबी झाली. जी४१चेच काही बोर्ड डीडीआर२चे असतात आणि दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा जुनी स्टिक खिशात घालूनच निघा. शिवाय विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीपुढची रॅम शोभेची.

प्रोसेसर बदलण्याचा मोह मलाही झाला होता. त्याच सॉकेटात क्यू९५५० बसतो: चार कोअर, पण ६५ वॉटऐवजी ९५ वॉट. हौशी लोक तर सर्व्हरचा झिऑन प्रोसेसर स्टिकर चिकटवून, सॉकेटची खाच तासून त्यात बसवतात. रविवारची करमणूक म्हणून झकास, पण हिशेबाच्या मशीनवर नको. अडचण वेगळीच आहे. विंडोज १०चे सर्वसाधारण अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती प्रोसेसरमधल्या पॉपसीएनटी नावाच्या सूचनेशिवाय (इन्स्ट्रक्शन) सुरूच होत नाही. कोअर टू घराण्यात ती सूचना नाही, मग कोअर दोन असोत की चार.

मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असा कॉम्बो बदलायचा पर्यायही सुचवतील, बहुधा एच६१चा बोर्ड आणि इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय५. तो प्रोसेसर २०१२चा, विंडोज ११च्या अधिकृत यादीत तोही नाही. एवढा खटाटोप करून तीन वर्षांनीच पुढे सरकायचं? मी हा पर्याय तिथेच खोडला.

खरी स्पर्धा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेल्या पण नीट करून विकलेल्या, मशीनशी आहे. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिसांसारख्या ठिकाणांहून बाहेर पडलेले ब्रँडेड छोटे डेस्कटॉप विकायला येतात. घ्यायचंच तर आठव्या पिढीचं घ्या, उदाहरणार्थ सहा कोअरचा आय५-८५००. विंडोज ११ची यादी तिथूनच सुरू होते. सातव्या पिढीचं स्वस्त पडेल, पण फसाल. रिफर्बिश्डमधल्या बऱ्याच मशीनचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) खास मापाचा असतो, बिघडला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा बसत नाही. आणि पॅरलल पोर्ट बहुतेकांना नसतो. यूएसबीची केबल मिळते, पण डॉसमधल्या (विंडोजआधीच्या प्रणालीतल्या) जुन्या प्रोग्रॅमला ती दिसत नाही.

आमचा निकाल त्या प्रिंटरनेच लावला. एसएसडी आणि ८ जीबी रॅम घालून जुनाच डबा ठेवला आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकली. पावत्या पॅरलल पोर्टवरून पूर्वीसारख्याच करकरत निघतात. एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस आलं म्हणून बाबा चार दिवस तोंड फुगवून होते. साधी बेरीज-वजाबाकीची पानं नीट उघडली, पण एका फाइलमधले मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) चालले नाहीत, ते मला हाताने नव्याने बांधावे लागले. यूट्यूब १०८० वर अडखळतं, ७२० वर बघतो. बहिणीकडे वाशीला मात्र मी आठव्या पिढीचंच मशीन घ्यायला लावलं. तिला दिवसभर व्हिडिओ कॉल असतात आणि ऑफिसचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, तिच्या जुन्या डब्यात एसएसडी घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

काहीही ठरवलंत तरी जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नका. आमची तारीख लिहून कपाटात ठेवली होती. तीन आठवड्यांनी बाबांना २०१४चा ऑडिट रिपोर्ट आठवला, तो डेस्कटॉपवर नव्हता, ‘माय डॉक्युमेंट्स’मध्येही नव्हता, रिसायकल बिनमध्ये होता.