छायाप्रकाशाचा सराव कशात करावा: पेन्सिल, कोळसा, शाई की टॅबलेट?

शाळेत चित्रकलेचा तास मनापासून केलेली मंडळी पुढे कधीतरी कथाचित्रं किंवा मुलांची पुस्तकं करायला घेतात आणि शेडिंगपाशी अडतात. आकार बरोबर येतो, चेहरा ओळखू येतो, पण चित्र सपाट दिसतं. मग नव्याने सरावाला बसायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो तो साधनाचा. मी या चारही साधनांत काम केलंय, म्हणून मत आधीच सांगते. छटा, म्हणजे गडद-फिक्याच्या पायऱ्या, शिकायच्या असतील तर आधी कोळसा घ्या, मग पाण्यातला काळा रंग. पेन्सिल आणि टॅबलेट त्यानंतर.

तुलना करायची तर विषय एकच हवा. एक पांढरं अंडं पांढऱ्या कागदावर ठेवा, खोलीतले बाकीचे दिवे घालवा आणि एका बाजूने एकच बल्ब लावा. ट्यूबलाइट नको. तिचा उजेड लांबच लांब पट्टीतून येतो, त्यामुळे सावलीची कड विरघळते. बल्ब लहान, म्हणून पडछायेची कड अंड्याजवळ धारदार आणि लांब जाताना मऊ होत गेलेली दिसते. आता डोळे किलकिले करून बघा. उजेडाची बाजू, मग हळूहळू मंद होणारी मध्यछटा, मग छायेचा गडद पट्टा. हा पट्टा अंड्याच्या अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो, कारण खालच्या कागदावर आपटलेला उजेड परत वर येऊन कडेला लागतो. हा परावर्तित उजेड दिसला की हात शिवशिवतात आणि आपण तो हमखास जास्त उजळ काढतो. तिथेच अंड्याचा गोलावा जातो. छायेतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडाच्या बाजूच्या सगळ्यात मंद जागेपेक्षा गडदच ठेवायची, एवढं एक सांभाळलं तर निम्मं काम झालं.

पेन्सिल

स्वस्त, स्वच्छ, कुठेही नेता येते. एचबी, टू-बी, फोर-बी आणि सिक्स-बी एवढ्यांत काम भागतं (बीचा आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ आणि काळी). डोळ्यांची पापणी, कापडाची बारीक चुणी, दागिना अशा तपशिलाला पेन्सिलीला तोड नाही.

माझी तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. एक, ग्रॅफाइट चमकतं. सिक्स-बी दाबून दाबून लावली तरी एका मर्यादेपलीकडे काळं होत नाही, उलट तिरक्या उजेडात ती जागा चंदेरी दिसायला लागते. म्हणजे गडद टोक आपल्या हातात नसतंच आणि सगळं चित्र मधल्या करड्या छटांत गोळा होतं. दुसरी गोष्ट सवयीची. टोकदार पेन्सिल हातात असली की आपण एका कोपऱ्यातून सुरुवात करून इंच इंच पुढे सरकतो. मग बोटाने घासून गुळगुळीत करायचा मोह होतो. बोटाचं तेल कागदाला लागतं, डाग पडतात आणि खाली छटा चुकलेली असली तरी वरच्या गुळगुळीतपणामुळे ती बरोबर वाटते. एका दिवाळी अंकासाठी मी मोठ्या हौसेने पेन्सिलीत चित्र केलं होतं. छापून आलं तेव्हा कंदिलाची काच, बाईची साडी आणि मागची भिंत, तिन्हींचा करडा रंग एकच. छपाईला दोष देऊन उपयोग नव्हता, मूळ चित्रातच त्या तीन छटा एकमेकींना चिकटून होत्या.

कोळसा

इथे नेमकं उलटं होतं. विलो झाडाच्या काड्यांचा मऊ कोळसा आडवा धरून कागदावर फिरवला की दोन मिनिटांत अर्धा कागद छायेत जातो. मोठ्या छटा आधी ठरवाव्या लागतात, तपशील करता येतच नाही, आणि नवशिक्याला हेच हवं असतं. चुकलं तर सुती फडक्याने झटका, बहुतेक निघून जातं. मग मळता येणाऱ्या मऊ खोडरबराचं टोक काढून उजेड खोदून काढायचा. आधी सगळा कागद करडा करून त्यातून अंड्याची उजळ बाजू पुसून काढायचा सराव करा. उजेड हासुद्धा काढायचा असतो, हे हाताला तेव्हा कळतं.

काडीचा कोळसा, दाबून बनवलेला कोळसा आणि चारकोल पेन्सिल यांत फरक आहे. काडीचा कोळसा सहज पुसतो, पण पूर्ण काळा होत नाही. दाबलेला खरा काळा देतो, पण बसला की बसला. म्हणून सुरुवात काडीने करायची आणि अगदी शेवटी, जिथे खरोखर सगळ्यात गडद आहे तिथेच दाबलेला वापरायचा. कागद खरबरीत हवा, गुळगुळीत कागदावर कोळसा धरतच नाही. वह्या-पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागदही सरावाला झकास. खाकी रंग मध्यछटेचं काम करतो, तुम्ही कोळशाने छाया आणि पांढऱ्या खडूने उजेड तेवढा द्यायचा. खडू आणि कोळसा एकमेकांत मिसळू देऊ नका, निळसर मळकट राखाडी तयार होते.

तोटे खरे आहेत. धूळ उडते, हात काळे होतात, झाकून ठेवलेलं चित्रही पुसलं जातं. कोळसा कागदावर पक्का करणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा मारायचा तर गॅलरीत किंवा गच्चीवर जायला हवं. एका खोलीत लहान मूल असेल तर मी आग्रह करणार नाही. आणि तळहाताएवढ्या चित्रासाठी कोळसा घेऊच नका.

शाई आणि पाणी

इथे दोन वेगळे रस्ते आहेत. निबने रेघांची जाळी विणून छटा देणं हा एक. छपाई ब्लॉकवर, म्हणजे धातूच्या ठशावर, होत असे तेव्हा लाइन ब्लॉकला फक्त काळं किंवा पांढरं कळायचं. करड्या छटा छापायच्या तर बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागे. त्यामुळे मासिकांतल्या चित्रकारांनी रेघांच्या दाटी-विरळीतून उजेड दाखवण्याचं कसब कमावलं. आजही काळ्या-पांढऱ्या पुस्तकासाठी हाच रस्ता सोयीचा.

दुसरा रस्ता वॉशचा, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थरांचा. चार वाट्या घ्या, एकीत घट्ट काळा जलरंग आणि पुढच्या तिन्हींत पाणी वाढवत न्या. कागद स्वतः पाचवी छटा. पाच छटांत अंडं बसवायचं म्हटलं की कुठली छटा कुठे संपते याचा निर्णय घ्यावाच लागतो, घासून सुटका नाही. रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून लावताना एक पायरी गडद लावायचा. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, असला तर पोचे पडत नाहीत. जुलैत कोकणात किंवा मुंबईत मात्र एक थर वाळायला इतका वेळ लागतो की धीर सुटतो.

जलरंगात छटा किती सांभाळता येते हे पाहायचं तर मूळ सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं दिव्याचं चित्र पाहावं. एक स्त्री समई हातात घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताने ज्योत सांभाळते आहे आणि बोटांच्या फटींतून तांबूस उजेड झिरपतो आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. कित्येकजण ते राजा रविवर्मांचं समजतात. प्रतिकृती मिळाली तर मोबाइलवर काळी-पांढरी करून बघा. खरा पांढरा किती थोड्या जागेत वापरलाय ते दिसेल.

टॅबलेट

कृतासारखं (Krita) चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कागदाचा खर्च नाही, पसारा नाही. नोकरी सांभाळून रात्री अर्धा तास मिळणाऱ्याला हे मोलाचं आहे. रंगीत चित्र एका बटणावर करडं करून छटा तपासता येते. दृष्टीचे अभ्यासक एडवर्ड एडेल्सन यांनी १९९५ साली दाखवलेला बुद्धिबळपटाचा दृष्टिभ्रमही इथे पडताळून बघा. सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन, कलर पिकरने (रंगाचा आकडा दाखवणाऱ्या साधनाने) दोन्हींचा आकडा एकच निघतो. डोळा किती फसतो ते तेव्हा कळतं.

पण सुरुवात इथून नको. मऊ एअरब्रश गालावरून फिरवला की सगळं मेणाच्या बाहुलीसारखं दिसतं, कारण कडा कुठे धारदार आणि कुठे मऊ हे आपण ठरवलेलंच नसतं. केलेलं मागे घेणारं अनडू बटण हाताशी असल्यामुळे एकही छटा पक्की होत नाही. आणखी एक फसवणूक रंगाच्या आकड्यांत आहे. भडक पिवळा आणि भडक निळा, दोन्हींची ब्राइटनेस शंभर दाखवते, पण डोळ्याला निळा कितीतरी गडद दिसतो. तो आकडा छटेचा समजू नका.

खिडकीचा उजेड वापरणार असाल तर पुस्तकं उत्तरेची खिडकी सांगतात, कारण तिथे ऊन येत नाही. आपल्याकडे ते वर्षभर खरं नाही. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो आणि त्या खिडकीतूनही ऊन येऊ शकतं. त्या महिन्यांत पडदा लावून बल्बच बरा.

जागा आणि तासभर वेळ असेल तर दोन महिने कोळसा आणि खाकी कागद, मग एक महिना चार वाट्या. धूळ चालत नसेल तर थेट वाट्यांपासून सुरू करा. प्रवासात पेन्सिलच, पण सिक्स-बी, आणि चित्र पोस्टकार्डाएवढं. टॅबलेट घेऊन ठेवलाच असेल तर पहिले काही आठवडे एकच कडक (धारदार कडेचा) ब्रश, पाच करडे रंग आणि अनडू बंद. अंडं रोज तेच असू द्या, बल्ब तेवढा रोज थोडा सरकवा. तो बरोबर मागे गेला की अंडं जवळजवळ सगळं छायेत जातं आणि कडेला उजेडाची बारीक कोर उरते. ती कोर कोळशात जमायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.