वणव्यावर सुरुंग, चेंडू, ब्लोअर की जाळरेषा?

परवा पारावर बसलो होतो. मंडळातल्या एका पोरानं मोबाईल पुढं केला. "काका, हे बघा. विमानातनं बॉम्ब टाकला आणि वणवा विझला. आपल्याकडं खाणीत सुरुंग उडवणारी माणसं हायत की. जोतिबाच्या अंगाला दरसाल पेटतंय, लावूया एक!" सगळे हसले. पण वणवा विझवायच्या सामानासाठी वर्गणी जमली आहे आणि ती कशावर घालायची ते या महिन्यात ठरायचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

व्हिडिओ खोटा नाही. २५ जुलै २०१८ ला स्वीडनच्या ग्रिपेन विमानांनी एल्व्हडालेनजवळच्या आगीवर लेझरच्या नेमानं जाणारा बॉम्ब टाकला होता. मात्र ती जागा होती लष्कराच्या गोळीबार सरावाची. जमिनीत न फुटलेले तोफगोळे पडलेले, त्यामुळे आग विझवायला माणूस आत सोडता येईना. पायी जाता येत नव्हतं म्हणून वरून बॉम्ब. आपल्या डोंगरावर पायी जाता येतं, दम लागतो एवढंच.

स्फोटानं आग विझते ती कशी? धक्क्याची लाट ज्योतीला जळणापासून ढकलून बाजूला काढते. जळण एकाच तोंडातून येत असेल तर हे जमतं. तेलविहिरींच्या आगीवर हीच युक्ती वापरतात. अल्जीरियातल्या गासी तुईल इथली वायूची विहीर नोव्हेंबर १९६१ मध्ये पेटली, ती तेलविहिरींच्या आगी विझवणाऱ्या रेड अडेअरच्या माणसांनी एप्रिल १९६२ मध्ये स्फोटकं लावून विझवली. तिथंही स्फोटाच्या आधी महिनोन् महिने तयारी चालली होती, कारण आजूबाजूचं तापलेलं लोखंड तसंच राहिलं तर ज्योत गेली तरी वायू पुन्हा पेट घेतो. वणव्याला असं एक तोंड नसतं. कुसळीचं गवत, करवंदीच्या जाळ्या, वाळका पाला, सगळीकडं निखारे. वरची ज्योत उडाली तरी खालचं धुमसतंच, आणि उडालेला पाला वाऱ्यानं पुढच्या गवतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या ग्रॅहम डोइग यांनी २०१४ मध्ये न्यू मेक्सिकोत स्फोटाची लाट पाइपमधून सोडून मीटरभर उंचीची प्रोपेनची ज्योत विझवून दाखवली. प्रयोग देखणा होता. पण ज्योत तीही बर्नरचीच.

दुसरा प्रकार मला जास्त पटतो. आग उडवायची नाही, आगीपुढची जमीन उडवायची. अमेरिकेच्या वनखात्यानं दोरीसारखी स्फोटकं जमिनीवर अंथरून पट्टा मोकळा करायची पद्धत वापरली आहे. रशियात हवाई छत्रीनं उतरणारे आग विझवणारे लोकही असाच पट्टा काढतात. तिथं जमिनीवर कुजक्या पाल्याचा, मुळांचा जाड थर असतो आणि खोऱ्यानं तो काढत बसलं तर दिवस जातो. आमच्या डोंगरावर जांभ्याच्या कातळावर वीतभर माती, तिच्यावर गवत. ते कापायला विळा पुरतो. सुरुंग लावला तर मातीपेक्षा दगडच उडणार, आणि उताराखाली कुणाची तरी म्हसरं चरत असणार.

कायद्याचं दोन वाक्यांत सांगतो. परवान्याशिवाय जिलेटिन, म्हणजे सुरुंगाच्या कांड्या, बाळगणं हाच गुन्हा. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला तर विषयच संपला, कारण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३२ अभयारण्यात वन्यजीवांना अपाय होईल अशी स्फोटकं वापरू देत नाही.

मग तो आग विझवणारा चेंडू. ज्वाळेत टाकला की तीन ते पाच सेकंदांत फुटतो आणि कोरडी पावडर उधळतो. मीटरची पेटी, ट्रॅक्टरचं इंजिन, स्वयंपाकघर, अशा कोंडलेल्या जागेला चांगली वस्तू. उघड्या माळावर निम्मी पावडर वारा नेणार. शिवाय एक चेंडू एकदाच फुटतो आणि वणव्याची धार कासराभर नसते, अर्धा-अर्धा किलोमीटर असते. मंडळाच्या खोलीसाठी एखादा घ्या, डोंगरासाठी नको.

ब्लोअर म्हणजे जोराचा वारा फेकणारं पेट्रोलचं यंत्र. त्याबद्दल माझं मत गेल्या एप्रिलात बदललं. आम्ही सातजण हिरव्या डहाळ्यांनी झोडपत होतो. एका हातात डहाळी, दुसऱ्या हातानं तोंडावर ओला टॉवेल. दहा पावलं विझवून मागं बघितलं की तिसऱ्या पावलावर परत धूर. माझ्या रबरी चपलेचा तळ निखाऱ्यावर मऊ होऊन सुटला. तेवढ्यात वनमजूर पाठीवर ब्लोअर घेऊन आला. जळालेल्या काळ्या बाजूनं चालत त्यानं पाला आणि ज्योत दोन्ही मागं, जळून गेलेल्या राखेकडं ढकलली. आम्हाला तासभर नाचवलेली कड त्यानं एकट्यानं थंड केली. मात्र त्यालाही मर्यादा आहे. ज्वाळा कमरेच्या वर असतील तर ब्लोअर भात्याचं काम करतो. आणि पाठीवर पेट्रोलची टाकी आहे हे विसरून वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, आग चढणीला पळते.

जाळरेषा सगळ्यांत स्वस्त आणि कुणाला नको असलेलं काम. डिसेंबर-जानेवारीत गवत कापून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे पेटलं तरी आग तिथं येऊन उपाशी मरते. अडचण एकच, तेव्हा डोंगर पेटलेला नसतो, त्यामुळे फोटो येत नाही आणि माणसं जमत नाहीत. जंगलाच्या हद्दीत आपल्या मनानं पट्टा जाळू नका, भारतीय वन अधिनियम १९२७ खाली तोही गुन्हा ठरतो. वनरक्षकाला बरोबर घ्या. आपल्या खासगी पड्यांच्या कडेनं मात्र विळे घेऊन उद्यासुद्धा जाता येईल.

मला विचाराल तर दोन ब्लोअर, सहा दाताळी, जाड तळाचे बूट आणि सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट घ्या. टेरिकॉट नको, ते अंगाला चिकटतं. उरलेल्या पैशांत जानेवारीच्या दोन रविवारी गवत कापायला येणाऱ्यांना मिसळ. वनखात्याचा १९२६ हा नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आधी घाला.

सुरुंगाचा हट्ट धरणाऱ्या पोराला एक ब्लोअर द्या. आवाज त्याचाही बऱ्यापैकी येतो.