घाटरस्त्यांवरील सायकल भटकंतीसाठी मार्ग-नियोजन अ‍ॅप: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

भोर, वरंधा घाट, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, तापोळा, तेथून लाँचने बामणोली आणि कासमार्गे सातारा असा अनेक दिवसांचा प्रवास सामानासह सायकलवर आखण्यासाठी मी एका मार्ग-नियोजन अ‍ॅपची वर्गणी भरली आणि पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ते नियमितपणे वापरले. अशा बहुतेक अ‍ॅपच्या मुळाशी ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी घडवलेला नकाशाच असतो, त्यामुळे पुढील निरीक्षणे एका अ‍ॅपपुरती मर्यादित नाहीत.

सर्वाधिक उपयोग झाला तो चढ-उताराच्या आलेखाचा. सह्याद्रीत किलोमीटरवरून दिवस ठरवणे फसवे असते. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे 40 किलोमीटर आहे, म्हणजे कागदावर सकाळच्या काही तासांचा प्रवास. परंतु पोलादपूर कोकणच्या सखल भागात आणि महाबळेश्वर साधारण 1,350 मीटर उंचीवर असल्यामुळे हा जवळजवळ अखंड चढ आहे. दहा-बारा किलो सामान लादलेल्या सायकलवर माझी गती तासाला 300 ते 350 मीटर उंची गाठण्याइतकीच असते; म्हणजे निव्वळ पेडल मारण्यात चार तास जातात आणि पाणी, खाणे व सावलीतील विश्रांती धरली की दुपार उलटते. वरंधा उतरून त्याच दिवशी आंबेनळी चढायला घेण्याचा बेत अंतर पाहता शक्य वाटतो, पण आलेख समोर आल्यावर मुक्काम पोलादपुरात करून उजाडण्यापूर्वी निघण्याचा निर्णय आपोआप होतो. मार्चनंतर तर घाटाच्या तळाशी असलेला उकाडा चढाइतकाच दमवतो.

मात्र एकूण चढाईच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. याच टप्प्यासाठी अ‍ॅपने 1,700 मीटरहून अधिक चढाई दाखवली, तर हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या माझ्या सायकल-संगणकावरील नोंद 1,400 च्याही आत राहिली. कारण समजण्यासारखे आहे. अनेक अ‍ॅपमधील उंचीची माहिती फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अंतराळयानावरील रडारने केलेल्या मोजणीतून आलेली असून तिच्यातील दोन बिंदूंमधले अंतर सुमारे 30 मीटर किंवा त्याहून अधिक असते. घाटातला रस्ता मात्र डोंगराच्या कुशीत खोदलेली एक अरुंद पट्टी असते. नकाशावरील रेषा जराशी सरकली तरी उंची कधी वरच्या कड्याची, तर कधी खालच्या दरीची धरली जाते, आणि अस्तित्वात नसलेले असे लहान लहान चढ बेरजेत जमा होत राहतात. दाट झाडीत रडारला जमिनीऐवजी झाडांचा शेंडा दिसतो, ही आणखी एक अडचण. म्हणून मी बेरजेचा आकडा सोडून घाटाचा पायथा आणि माथा यांच्या उंचीतील फरक धरतो, आणि मधल्या उतारांसाठी त्यात थोडी भर घालतो.

मार्ग सुचवण्याच्या बाबतीत माझे मत बरेच कठोर आहे. कच्च्या रस्त्यांचा पर्याय निवडताच प्रतापगडाच्या परिसरात अ‍ॅपने मला रडतोंडी घाटाकडे वळवले. अफझलखानाच्या स्वारीच्या इतिहासात वाचलेली ती जुनी पायवाट अंतराच्या हिशेबात जवळची आहे, हे खरे. पण तेथे सायकल चालवायची नसून खांद्यावर घ्यायची असते, आणि खिळखिळ्या दगडांवर सामानासह ते काम करण्याची हौस कोणाला असेल असे वाटत नाही. रस्त्याच्या पृष्ठभागाची नोंद नकाशात नसेल तर अ‍ॅप स्वतःच एक अंदाज बांधते आणि तो अंदाज आहे हे कुठेही ठळकपणे सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक अनोळखी तुकडा उपग्रहचित्रावर मोठा करून पाहण्याची शिस्त लावून घ्यावी लागते.

रस्ता आज चालू आहे की नाही, हा घाटातील खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर अ‍ॅपकडे नाही. पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीसाठी अनेकदा बंद केला जातो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला होता. दरड कोसळल्याची बातमी नकाशाला कळण्याआधी पायथ्याच्या हॉटेलवाल्याला कळते, म्हणून मुक्कामाच्या गावातील एक-दोन दूरध्वनी क्रमांक नियोजनाच्या कागदावर असलेच पाहिजेत. वाघजाई मंदिराजवळच्या भजी-चहाच्या टपऱ्याही अ‍ॅपमध्ये नव्हत्या. वरंधा घाटात पाणी भरून घेण्यासाठी त्या किती महत्त्वाच्या आहेत हे तिथून गेलेल्यांना ठाऊक आहे. (तेथील माकडांपासून हँडलवरची खाऊची पिशवी मात्र सांभाळावी.)

तापोळ्याचा टप्पा याच कारणाने सर्वांत नाजूक ठरतो. महाबळेश्वरहून शिवसागर जलाशयापर्यंतचा उतार अ‍ॅप अचूक दाखवते आणि पलीकडे बामणोलीहून कासचा चढही दाखवते, परंतु मधल्या पाण्यावर केवळ एक तुटक रेषा असते. सायकल घेऊन जाणारी लाँच केव्हा सुटेल, पुरेसे प्रवासी नसतील तर पूर्ण भाडे द्यावे लागेल का, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ती नेमकी कोठे लागेल, हे सर्व तापोळ्यातील बोट क्लबलाच विचारावे. मी तो दिवस मुद्दाम मोकळा ठेवला होता. फुलांच्या हंगामात जाणार असाल तर कास पठाराचे प्रवेश आरक्षणही आधी पाहावे.

नेटवर्कविना नकाशा वापरण्याची सोय उत्तम आहे. घाटांत आणि तापोळ्याच्या खोऱ्यात बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, पण आधी उतरवून घेतलेला नकाशा विमान-मोडमध्येही आपली जागा दाखवतो आणि स्क्रीन बंद ठेवल्यास बॅटरी दिवसभर टिकते.

वर्षाची वर्गणी मी पुन्हा भरणार नाही. उंचीचा आलेख विनामूल्य आवृत्तीतही मिळतो; पैसे खर्चावेत असे त्यात मला एकच आढळते, ते म्हणजे नेटवर्कविना चालणारे नकाशे, आणि त्यासाठी प्रवासाच्या महिन्यापुरती वर्गणी पुरते. आखलेले मार्ग जीपीएक्स फाइल (बहुतेक नकाशा-अ‍ॅप व सायकल-संगणकांना वाचता येणारा मार्गाचा आराखडा) म्हणून स्वतःकडे उतरवून घेतल्यास वर्गणी संपल्यावरही ते हाताशी राहतात.