महाट्रॅफिक अ‍ॅप आणि ई-चलान पोर्टल: पार्किंगच्या दंडावर हरकत घ्यायला कितपत कामाचं?

ई-चलानसोबतचा फोटो मोठा करून नीट पाहिल्याशिवाय हरकतीचा एक शब्दही लिहू नये. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे हा फोटो गाडीमालकाच्या हातात देणं. तक्रारीची सोय त्यानंतर येते, आणि ती तक्रार टिकेल की नाही हे बहुतेक वेळा त्या फोटोवरच ठरतं. हा आढावा अ‍ॅपच्या सगळ्या सोयींचा नाही. चुकीच्या पार्किंगचं चलान आलं आणि ते मान्य नसेल, तर अ‍ॅप नि पोर्टल कुठपर्यंत साथ देतात, एवढ्यापुरताच तो आहे.

चलान शोधणं सोपं आहे. पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की थकीत चलानांची यादी उघडते; चलान क्रमांक हाताशी असेल तर त्यावरूनही शोधता येतं. अ‍ॅपमध्ये मोबाइल नंबर ओटीपीने नोंदवून गाडी जोडून ठेवता येते, मग दर वेळी आरसी शोधत बसावं लागत नाही. महिन्यातून एकदा उघडून पाहण्याची सवय लावावी, कारण एसएमएस येईलच यावर विसंबून चालत नाही. तो आरसीवर नोंदलेल्या मोबाइल नंबरवर जातो. गाडी घेताना एजंटने स्वतःचा नंबर टाकला असेल किंवा जुनं सिम बंद झालं असेल, तर चलान महिनोन् महिने साचत राहतं आणि मालकाला पत्ताच नसतो. परिवहन विभागाच्या पोर्टलवर हा नंबर बदलून घेता येतो. हे काम आधी करावं.

एसएमएसबद्दल आणखी एक खबरदारी. चलानाच्या नावाने येणाऱ्या मेसेजमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) असेल, तर ती उघडू नये; त्यातून फोन ताब्यात घेऊन बँक खातं रिकामं केलं जातं. मेसेज खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवर न जाता स्वतः पोर्टल उघडून नंबर टाकावा. या पोर्टलच्या पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन असा आहे.

आता फोटो. नंबर प्लेट अक्षर नि अक्षर, अंक नि अंक वाचावी. ३ आणि ८, ० आणि ६, बी आणि ८ यांत गल्लत होते. एमएच १२ च्या जागी एमएच १४ टाइप झालं की पुण्यातल्या गाडीचं चलान पिंपरी-चिंचवडच्या गाडीला लागतं. नंबर जुळत असेल तर गाडीकडे पाहावं: कंपनी, मॉडेल, रंग, आरशांची ठेवण, काचेवरचे स्टिकर, बंपरवरचा ओरखडा. नंबर तोच आणि गाडी वेगळी दिसली, तर कुणी तरी बनावट प्लेट लावून फिरतंय. अशा वेळी फक्त अ‍ॅपवर हरकत घेऊन थांबू नये, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. उद्या ती दुसरी गाडी अपघातात सापडली, तर हीच पोच उपयोगी पडते.

त्यानंतर फोटोत जागा ओळखू येते का ते पाहावं. नुसती प्लेट जवळून टिपलेली असेल आणि फूटपाथ, फलक, दुकानाची पाटी असं काहीच दिसत नसेल, तर गाडी कुठे उभी होती हे त्या फोटोतून सिद्ध होत नाही. हा मुद्दा दमदार आहे आणि तो फार कमी लोक मांडतात.

यामागे नियमही आहे. ११ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या चलानात गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कोणतं कलम मोडलं याचा उल्लेख असावा, असं तो सांगतो. अनधिकृत जागी गाडी उभी करणं हे त्या नियमातल्या गुन्ह्यांच्या यादीत आहेच. फोटोतली वेळ आणि चलानावरची वेळ यांत मोठं अंतर असेल तर तेही नोंदवावं. खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलान चढवण्याच्या पद्धतीबद्दल इतक्या तक्रारी झाल्या, की जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाला परिपत्रक काढून ती पद्धत बंद करायला सांगावं लागलं.

चलानावर बहुधा कलम १२२ आणि १७७ असतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ धोकादायक किंवा अडथळा होईल अशा रीतीने गाडी सोडून जाण्याबद्दल आहे आणि कलम १७७ दंडाचं. पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, नंतरच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत. म्हणून ‘पाचशेच तर आहेत, भरून टाकू’ हा हिशेब फसवा ठरू शकतो: न केलेल्या गुन्ह्याचे पाचशे भरले, तर पुढचं चलान दुसऱ्या गुन्ह्याच्या दराने लागण्याची वाट मोकळी होते. शिवाय पैसे भरणं म्हणजे कलम २०० खालची तडजोड. ती झाली की प्रकरण संपतं. मग ‘भरले, पण मान्य नव्हतं’ याला अर्थ उरत नाही. हरकत घ्यायची असेल तर आधी हरकत, पैशांचं नंतर.

सगळ्यात जास्त हरकती मात्र ‘तिथे नो पार्किंगचा बोर्डच नव्हता’ या एका वाक्यावर येतात आणि त्यातल्या पुष्कळशा पडतात. कारण मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ मध्ये ज्या जागा मुळातच वर्ज्य आहेत तिथे बोर्ड लागत नाही. फूटपाथ, सायकल ट्रॅक, झेब्रा क्रॉसिंग, चौकाच्या लगतचा भाग, बसथांबा, शाळेचं किंवा दवाखान्याचं प्रवेशद्वार, कुणाच्या इमारतीचं फाटक, बोगदा, अग्निशमन हायड्रंटसमोरची जागा, रस्त्याचा फलक झाकला जाईल अशी जागा. दोन चाकं फूटपाथवर चढवून उभी केलेली स्कूटर यातच मोडते. अशा फोटोवर हरकत घेण्यात वेळ घालवू नये.

बोर्ड वाचण्यातही चुका होतात. निळ्या गोलावर एकच लाल तिरपी रेघ असेल तर पार्किंग नाही. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंही नाही, माणूस उतरवायलासुद्धा. ‘मी गाडीतच बसलो होतो’ हे उत्तर फुलीच्या बोर्डाखाली काहीच कामाचं नाही. सम-विषम रस्त्यांवर पी-१ च्या बाजूला विषम तारखेला आणि पी-२ च्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची. रात्री दहाला बरोबर लावलेली गाडी मध्यरात्रीनंतर तारीख बदलली की चुकीच्या बाजूला ठरू शकते. बोर्डाखालच्या छोट्या पाटीवर वेळा दिल्या असतील तर त्या निर्णायक. ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम. अशा वेळी बाजू बदलली नाही म्हणून चलान आलं असेल तर ते नक्की लढवावं, कारण तिथे कॅलेंडरच पुरावा आहे.

बोर्ड खरोखरच नसेल आणि जागाही वरच्या यादीतली नसेल, तर काय? शहरातले नो पार्किंग विभाग वाहतूक शाखेचे उपायुक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली आदेश काढून ठरवतात. त्या रस्त्यासाठी असा आदेश आहे का, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘अमुक रस्ता, अमुक चौक ते अमुक चौक, या भागातील नो पार्किंग आदेशाची प्रत’ एवढंच मागावं. उत्तराची मुदत ३० दिवस. तोवर जागेचे फोटो काढून ठेवावेत: रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून एकेक, आणि एक चलानाच्या फोटोच्या कोनातून. झाडाच्या फांदीआड किंवा फ्लेक्सच्या मागे दडलेला बोर्ड गाडीवाल्याला दिसतो तितक्या उंचीवरून टिपावा. उशीर केला तर फांदी छाटली जाते नि फ्लेक्स उतरतो.

अ‍ॅपमधली हरकत नोंदवताना चलान निवडून कारण लिहायचं आणि पुरावे जोडायचे असतात. इथे कमी लिहिणं फायद्याचं. घाई होती, आई आजारी होती, पाचच मिनिटं लागली, बाकीच्याही गाड्या होत्या: हे सगळं खरं असलं तरी तपासणाऱ्याला त्यावर चलान रद्द करता येत नाही, कारण त्यातून गुन्हा घडला नाही असं निघत नाही. मजकूर असा असावा: ‘चलानातील फोटोत गाडीचा नंबर एमएच १२ ने सुरू होतो. माझी गाडी एमएच १४ ची आहे. फोटोतील गाडी पांढरी असून माझी आरसीनुसार राखाडी आहे. आरसी आणि गाडीचा पुढून-मागून फोटो जोडला आहे. चलान रद्द करावं.’ चार-पाच वाक्यं, एकच मुद्दा, आणि प्रत्येक वाक्याला जोडलेला पुरावा. पाठवण्याआधी चलान, त्यावरचा फोटो आणि स्वतःचा मजकूर यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

या प्रकारच्या चुकांसाठी, म्हणजे नंबर चुकला, गाडी वेगळी, एकाच वेळेचं चलान दोनदा, अशांसाठी अ‍ॅप उत्तम आहे. कचेरीत खेटे न घालता काम होऊ शकतं. जिथे दोन बाजूंचं म्हणणं तोलावं लागतं, तिथे मात्र ते अपुरं पडतं. बोर्ड दिसत होता की नाही, आदेश लागू होता की नाही, यावर समोरासमोर बोलायची सोय त्यात नाही, आणि हरकत नाकारली तर सविस्तर कारण हातात पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. अशा वादात तीच कागदपत्रं घेऊन वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

तिथेही जमलं नाही तर न्यायालय. लोक याला उगाच घाबरतात. कलम १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंडाची कमाल मर्यादाच ५०० रुपये आहे, म्हणजे त्या कलमाखाली न्यायालयातही त्याहून जास्त दंड होत नाही. खर्च होतो तो वेळेचा. चलान व्हर्च्युअल कोर्टाकडे, म्हणजे ऑनलाइन न्यायालयाकडे, गेलं असेल, तर तिथे दंड मान्य करणं किंवा खटला लढवणं असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला की प्रकरण नियमित न्यायालयाकडे जातं. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे. जुनं चलान असेल तर हा मुद्दा वकिलामार्फत मांडावा. अ‍ॅपच्या रकान्यात तो लिहून काही साधत नाही.

लोकअदालतीची नोटीस आली तर नीट विचार करावा. लोकअदालत तडजोडीसाठी असते आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. चूक झालीच आहे आणि साचलेली चलानं एकदाची मिटवायची आहेत, त्यांच्यासाठी ती चांगली. जो म्हणतो की ती गाडी माझी नव्हतीच, त्याने तिथे जाऊन अर्ध्यावर सौदा कशासाठी करावा?

गाडी उचलून नेली असेल तर दंडाशिवाय टोइंगचे पैसे वेगळे लागतात. कलम १२७ प्रमाणे तो खर्च मालकाकडून वसूल होतो. गाडी ताब्यात घेण्याआधी, ती जिथे उभी आहे तिथेच चारही बाजूंचे फोटो काढावेत. बंपर, सायलेन्सर, हँडल लॉक आणि आरसे विशेष पाहावेत. एकदा गाडी बाहेर काढली की ओरखडा कुठे पडला हे सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं. पे अँड पार्कच्या ठेकेदाराने मागितलेला ‘दंड’ हा आणखी वेगळा प्रकार. त्याला ठरलेल्या दराची पावती फाडण्याचाच अधिकार असतो, चलान करण्याचा नाही.

आणि विकलेल्या गाडीचं चलान. यात अ‍ॅपची हरकत सहसा लंगडी पडते, कारण नोंदीत मालक जुनाच दिसत असतो. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर १४ दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ भरून. घेणाऱ्याच्या भरवशावर हे सोडलं जातं आणि मग दोन वर्षांनी चलानांचा गठ्ठा समोर येतो. फॉर्म २९ ची पोच, विक्रीचा करार आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली सही, हे तीन कागद असतील तर वाहतूक शाखेत अर्ज करताना बाजू भक्कम असते. नसतील तर आधी आरटीओत नाव बदलून घ्यावं, मगच चलानाकडे वळावं, नाहीतर एक रद्द होईपर्यंत दुसरं आलेलं असतं.