बंद सायडिंगवर काय मागायचं: बाग की वाट?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आमच्या वसाहतीमागून एका कारखान्याची जुनी सायडिंग, म्हणजे मालगाड्यांसाठीचा रेल्वेफाटा, जाते. रूळ गंजलेत, स्लीपरांच्या फटींतून सुबाभूळ वर आलंय. तिथे लोकांना वावरता यावं, यावर आसपासच्या सगळ्या सोसायट्यांचं एकमत आहे. वाद आहे तो नेमकं काय मागायचं यावर. एक गट म्हणतो, कुंपण घाला, झाडं लावा, बाकं ठेवा, फक्त चालणाऱ्यांनाच आत सोडा. दुसऱ्याला हवी आहे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाट, पायी आणि सायकलने, दिवसरात्र उघडी. तुमच्याकडेही असाच फाटा पडून असेल आणि निवेदनावर सही करायची असेल, तर आधी दोन्ही नीट पाहा.

बागेच्या बाजूने बोलणारे न्यूयॉर्कच्या हाय लाइनचे फोटो दाखवतात, आणि ते देखणे आहेतच. मालगाड्यांचा हा उंचावरचा मार्ग १९३४ साली सुरू झाला, १९८० मध्ये त्यावरून शेवटची गाडी गेली. पुढे तो पाडायची वेळ आली तेव्हा १९९९ मध्ये दोन रहिवाशांनी संस्था काढून तो वाचवला आणि २००९ मध्ये पहिला टप्पा खुला झाला. जागोजागी जुने रूळ ठेवून त्यांच्यामध्ये झाडं लावली आहेत. पण लांबी जेमतेम २.३ किलोमीटर, सायकल चालवायला मनाई, रात्री दारं बंद.

शिकागोतही असाच उंचावरचा मालगाडीमार्ग होता. तिथे २०१५ मध्ये ४.३ किलोमीटरची वाट झाली, आणि तिथे सायकली चालतात. मधला १० फुटांचा पट्टा काँक्रीटचा, दोन्ही कडांना २-२ फुटांचा मऊ पट्टा. धावणारे, गुडघे जपणारे लोक त्या कडेने जातात. एकूण रुंदी १४ फूट, म्हणजे सव्वाचार मीटर. हा आकडा लक्षात ठेवा.

माझा कौल वाटेला आहे. रेल्वेच्या जागेचा खरा गुण तिची लांबी आणि तिचा उतार. मालगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे शंभर मीटरला एक मीटर चढ हासुद्धा रेल्वेच्या हिशेबात जाणवणारा चढ. व्हीलचेअरच्या रॅम्पला बारा मीटरला एक मीटर चालतो. म्हणजे ज्यांना पादचारी पूल चढवत नाही, त्यांच्यासाठी सायडिंगचा भराव आयताच तयार आहे. अशा जागेला दोन्ही टोकांना फाटकं लावली की उरते एक लांबट बाग. बागा नवी मुंबईत सेक्टरगणिक आहेत. ट्रकच्या चाकांपासून दूर राहून रबाळे-महापेला कामावर जायची सोय मात्र नाही. मी या रस्त्याने सायकलने जाते. अवजड गाडी शेजारून गेली की हँडल हातात थरथरतं. आणि रात्री अकराला शिफ्ट संपवून स्टेशनकडे चालत निघालेल्या बाईला नऊला बंद होणाऱ्या बागेचा उपयोग काय?

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. माझी आई पहाटे काठी घेऊन फिरते. मागून घंटी वाजली की ती दचकून नेमकी सायकलच्याच बाजूला सरकते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ अशी सुमारे २१ किलोमीटरची जुनी रेल्वेवाट आहे. कामावर जाणारे सायकलस्वार आणि रमतगमत चालणारे यांची कुरबुर तिथेही चालते. म्हणून ‘एकत्र वाट’ एवढंच लिहून भागणार नाही, चालण्याचा पट्टा वेगळ्या रंगाचा, वेगळ्या पृष्ठभागाचा हवा हे निवेदनात स्पष्ट मागा.

राहिला प्रश्न मोटारसायकलींचा. खांब रोवू म्हणतात, पण व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की तिच्यातून स्कूटरही जाते. आणि फट अरुंद केली तर व्हीलचेअरच अडते. दिवे, राबता आणि चौकीवरचा माणूस, यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

पावसाचा मुद्दा दोन्ही पर्यायांना सारखाच लागू आहे आणि तोच सगळ्यात दुर्लक्षित आहे. रुळांखालची खडी पाणी मुरवून बाजूच्या गटारात सोडते. ती उचलून सरसकट पेव्हर ब्लॉक बसवले की जुलैत शेवाळ धरतं आणि घसरून हाड मोडतं. आपल्यासारखाच धो धो पाऊस असलेल्या सिंगापूरमध्ये २०११ साली बंद झालेल्या मलेशियन रेल्वेच्या २४ किलोमीटर पट्ट्यावर चालवाट केली आहे. तिथे बराच भाग पाणी झिरपू देणारा, खडी-मातीचा ठेवला आहे. सायकलच्या पट्ट्याला डांबर घाला, पण बाजूची गटारं बुजवू देऊ नका. जुन्या लाकडी स्लीपरांची बाकं करायची सूचना आमच्या सभेत आली होती, तिला नकार द्या: त्या लाकडाला ते कुजू नये म्हणून क्रिओसोट हे डांबरी तेल पाजलेलं असतं, ते अंगाला लागणं बरं नव्हे.

सगळ्यांच्या आधी जमीन कोणाची ते काढा: रेल्वेची, एमआयडीसीची, सिडकोची की कारखान्याची. रेल्वेची असेल तर परवानगीशिवाय तिथे फिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा ठरतो, मग आज तिथे कितीही लोक चालोत. उद्या रेल्वेला जागा परत लागली तर, या भीतीवर अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने तोड काढली: पट्टा सलग राखायचा, सध्या वाट म्हणून वापरायचा, गरज पडली तर पुन्हा रूळ टाकता येतील. आपल्याकडे निदान भाडेकराराची मुदत लेखी असावी.

मग मोजपट्टी घेऊन जा. एकेरी मार्गाच्या भरावाचा माथा साधारण सहा मीटर असतो, पण मोऱ्यांवर, म्हणजे नाल्यांवरच्या छोट्या पुलांवर, तो आवळतो. सर्वांत अरुंद मोरीवर मोजा. सव्वाचार मीटर भरले तर वाट मागा, बेलाशक. कमी भरले तर तेवढ्या तुकड्यात सायकलवरून उतरून चालण्याचा फलक लावा, बाकीची वाट तशीच ठेवा. आमच्याकडे दोन मोऱ्या आहेत. एक मोजून झाली, ४.६ मीटर. दुसरीवरची झुडपं रविवारी तोडायची आहेत.