घरातल्या चार संगणकांचा बॅकअप: राउटरला डिस्क जोडावी की छोटा नॅस घ्यावा?

घरात एकच लॅपटॉप असतो तोवर बॅकअपचं काम एका पोर्टेबल डिस्कवर भागतं. संगणक तीन-चार झाले की ती डिस्क कधी कुणाच्या बॅगेत, कधी कुणाच्या ड्रॉवरमध्ये, आणि ज्याचा बॅकअप सगळ्यात गरजेचा त्याचाच नेमका राहून जातो. आमच्याकडे चार यंत्रं आहेत. माझा आणि मुलाचा विंडोज लॅपटॉप, बायकोचा मॅकबुक आणि अण्णांचा जुना डेस्कटॉप. त्या डेस्कटॉपमध्ये अण्णांनी स्वतः बसून स्कॅन केलेले जुने फोटो आणि जमिनीची कागदपत्रं आहेत, म्हणजे घरातला सगळ्यात मोलाचा डेटा सगळ्यात म्हाताऱ्या यंत्रात. वाय-फायवरून चारही यंत्रांचा बॅकअप आपोआप व्हावा आणि कुणाला कुणाची आठवण करून द्यावी लागू नये, एवढीच माझी अट होती. (नॅस म्हणजे डिस्क घालून राउटरला जोडायचा डबा, सगळे संगणक तो नेटवर्कवरून वापरतात.)

दोन पर्याय मी लवकरच बाजूला ठेवले. एक म्हणजे बॅटरीवर चालणारी ‘वायरलेस’ पोर्टेबल डिस्क. वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट या दोघांनीही अशा डिस्क काढल्या होत्या. त्या मुळात प्रवासात कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायला आणि फोनवर सिनेमे बघायला बनवलेल्या. त्या स्वतःचं वाय-फाय तयार करतात, बॅटरी चार्ज करत राहावी लागते, आणि दर तासाला चार संगणकांनी लिहावं असं त्यांचं कामच नाही. दुसरा पर्याय जुन्या टाइम कॅप्सूलचा, म्हणजे आतच डिस्क असलेल्या ॲपलच्या राउटरचा. सेकंडहँड बाजारात ती अजून स्वस्तात दिसते आणि मॅकवाल्यांचा हात आपसूक तिकडे जातो. पण ॲपलने ती २०१८ मध्येच बंद केली, आतली डिस्क आता चांगलीच वयस्क असणार, आणि ती ज्या एएफपी या ॲपलच्या जुन्या फाइल-वाटपाच्या पद्धतीने मॅकशी बोलते ती मॅकओएसच्या पुढच्या एखाद्या आवृत्तीतून काढणार असल्याचं ॲपलने सांगून टाकलंय. आज सुरू केलेला बॅकअप पाच वर्षांनीही उघडता यायला हवा, म्हणून हा मोह टाळलेला बरा.

‘वायरलेस’ या शब्दात बरेच जण अडकतात, म्हणून आधी तेवढं सांगतो. वायर नको असते ती संगणकांना. डिस्क ज्या डब्यात आहे तो डबा राउटरला लॅन केबलने जोडलेलाच असावा. दोन्ही टोकं वाय-फायवर ठेवली की तोच डेटा हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर दोन भिंतींपलीकडे सेकंदाला ५ मेगाबाइट मिळाले तरी खूप. त्या वेगाने ५०० जीबीच्या पहिल्या बॅकअपला अख्खा दिवस आणि वर चार तास लागतात. ५ गिगाहर्ट्झवर त्याच खोलीत ४० मेगाबाइटच्या आसपास मिळाले तर साडेतीन तास, आणि गिगाबिट केबलने सव्वा तास. म्हणून कोणताही पर्याय घ्या, पहिला बॅकअप लॅपटॉपला केबल लावूनच करा. पुढचे बॅकअप फक्त बदललेल्या फाइलींचे असतात, ते वाय-फायवर कधी होऊन गेले हे कळतही नाही.

आता खरी तुलना. राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. राउटर घरात असतोच, जुनी डिस्कही असते. टीपी-लिंक आणि एसस यांच्या बऱ्याच मॉडेलांत टाइम मशीनचा, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या बॅकअपचा, पर्यायही दिलेला असतो. मी ही व्यवस्था बराच काळ वापरली आणि वीज सुरळीत असताना तिने काम केलं. मुलाच्या लॅपटॉपमधून प्रोजेक्टचं एक फोल्डर उडालं होतं, ते विंडोजच्या फाइल हिस्टरी या बॅकअपच्या सोयीतून काही मिनिटांत परत मिळालं.

वेगाची तक्रार मी फारशी करणार नाही. यूएसबी २ असलेल्या राउटरला मर्यादा असतातच, पण तासाभरात बदललेल्या फाइली उचलायला तेवढा वेग पुरतो. यूएसबी ३ पोर्ट असेल तर एक लक्षात ठेवा. त्याच्या विद्युत गोंगाटाचा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला त्रास होतो, तेव्हा चांगली शिल्डिंग असलेली केबल वापरा आणि डिस्क अँटेनाला चिकटून ठेवू नका.

सुरक्षेची अडचण जास्त गंभीर आहे. इंटरनेट कंपनीकडून येणारे पुष्कळ राउटर अजून एसएमबीच्या, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटायच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीवरच डिस्क वाटतात. २०१७ च्या वॉनाक्राय या सायबर हल्ल्यात याच आवृत्तीतलं भोक वापरलं गेलं होतं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती बंद असते. मग डिस्क दिसत नाही म्हणून लोक कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ती पुन्हा चालू करतात. कृपया असं करू नका. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ अपडेटनंतर तर बिनपासवर्डाची डिस्कही उघडेनाशी होते, आणि पुष्कळ राउटरांत पासवर्डाची सोयच धड नसते.

तरीही या सगळ्यावर तोडगा निघतो. माझा निर्णय फिरवला तो एका वेगळ्याच त्रासाने, आणि तो प्रत्येकाच्या घरी होईलच असं नाही. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि पावसाळ्यात तर कधीही जाते. राउटरला मी छोटा मिनी यूपीएस लावलाय, त्यामुळे इंटरनेट चालू राहतं. डिस्क मात्र साडेतीन इंची, तिचा अडॅप्टर वेगळा, तो भिंतीतल्या सॉकेटवर. वीज गेली की डिस्क बंद पडते, राउटर चालूच असतो. वीज आली की डिस्क फिरू लागते. पण राउटरने जुन्या डिस्कचं नाव अजून सोडलेलं नसतं, म्हणून तीच डिस्क तो नवी समजून दुसऱ्या नावाने पुढे करतो. काल जे फोल्डर ‘व्हॉल्यूम १’ होतं ते आज ‘व्हॉल्यूम २’. डेटा जागच्या जागी, फक्त पत्ता बदललेला.

विंडोजच्या दृष्टीने डिस्क गायब झालेली असते. एक्सप्लोररमध्ये नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली येते. फाइल हिस्टरी काही काळ बदल स्वतःकडे साठवत राहते आणि मग कोपऱ्यात एक छोटी सूचना दाखवते, डिस्क पुन्हा जोडा म्हणून. मुलगा ती सूचना बाजूला सारतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, दिवसभर अशा सूचना येतच असतात. मॅकवर मेन्यू बारमधल्या टाइम मशीनच्या चिन्हावर उद्गारचिन्ह येतं. अण्णांच्या डेस्कटॉपवर काय दिसतं ते कुणी बघतच नाही. उपाय एका मिनिटाचा आहे: राउटरच्या पानावर जायचं, डिस्क काढल्याचं सांगायचं, केबल उपटून परत लावायची, मग चारही यंत्रं जोडली गेली का ते बघायचं. पण हे मिनिट दर वेळी कुणीतरी द्यावं लागतं आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. मी आठवडाभर गावी असलो की घरात बॅकअप नाही, आणि तो नाही हे कुणाला माहीतही नाही. ज्या व्यवस्थेवर सतत लक्ष ठेवावं लागतं तिच्या भरवशावर अण्णांचे फोटो ठेवायला माझं मन तयार होईना.

डिस्क इन्व्हर्टरवर घेऊन पाहिली. पण इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर बदलताना क्षणभर वीज तुटते आणि तेवढ्यात डिस्क दचकून नव्याने सुरू होते. मोठा यूपीएस लावला तर छोटे खंड निभतात, पण दोन-तीन तास वीज नसेल तर तोही संपतो, आणि लिहिता लिहिता डिस्क तुटते. राउटरला यूपीएस संपत आल्याचं कळायची काही सोय नसते. असं घडल्यावर टाइम मशीन एखाद्या दिवशी सांगतं की बॅकअपची तपासणी केली, आता नवा बॅकअप सुरू करावा लागेल. त्याचा अर्थ जुना सगळा इतिहास गेला. राउटरमधूनच वीज घेणारी अडीच इंची पोर्टेबल डिस्क वापरली तर नाव बदलण्याचा त्रास बराच कमी व्हावा. मात्र मिनी यूपीएसवर डिस्कचाही भार येतो, आणि जास्त क्षमतेच्या पोर्टेबल डिस्क बहुधा एसएमआर पद्धतीच्या (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या) असतात, भरत आल्या की लिहायला संथ होतात.

मधला पर्याय म्हणजे ‘पर्सनल क्लाउड’ म्हणून विकले जाणारे एका डिस्कचे तयार डबे. लावायला अगदी सोपे. पण त्यातले काही डबे कंपनीच्या सर्व्हरवरच्या खात्यातून उघडतात, आणि इथे इतिहास बोलका आहे. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या कितीतरी माय बुक लाइव्ह डब्यांतला डेटा बाहेरून कुणीतरी पुसून टाकला. त्या डब्यांना शेवटचं अपडेट २०१५ मध्ये मिळालं होतं. मार्च २०२३ मध्ये याच कंपनीवर सायबर हल्ला झाला, एप्रिलमध्ये तिची माय क्लाउड सेवा सुमारे दहा दिवस बंद राहिली आणि लोकांना स्वतःच्याच घरातल्या डिस्कवरच्या फाइली नेहमीच्या मार्गाने उघडता येईनात. डबा माझ्या घरात, डेटा माझा, तर तो उघडायला दुसऱ्याचं दार ठोठवायला लागू नये असं मला वाटतं. ज्यांना खात्याची अडचण वाटत नाही त्यांनी जरूर घ्यावा, फक्त अजून अपडेट मिळतात ना ते बघून.

शेवटी आमच्याकडे आला तो दोन डिस्कचा छोटा नॅस. मी सिनॉलॉजी घेतला. क्यूनॅप किंवा दुसरा कुठला चांगला असेलही, ते मी वापरलेले नाहीत. वीज गेल्यावरचं त्याचं वागणं बघा. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला लावलेली आहे. वीज गेली की त्याला कळतं, ठरवून दिलेला वेळ तो थांबतो, मग हातातलं लिहिणं संपवून स्वतःला सुरक्षित बंद करून घेतो. वीज परतली की आपणहून सुरू होतो. फोल्डरचं नाव तेच, पत्ता तोच, कारण राउटरमध्ये त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मी पक्का करून ठेवलाय. संगणकांना काही झाल्याचं समजतच नाही. वीज गेल्याचा आणि आल्याचा ईमेल मला येतो, गावी असलो तरी.

खर्च मात्र आहे. रिकामा डबा, दोन नॅसच्या डिस्क आणि यूपीएस मिळून एका साधारण लॅपटॉपची किंमत होते. मांडणीला एक दुपार जाते, डिस्कचा खरखराट शांत खोलीत ऐकू येतो म्हणून आमचा डबा पॅसेजमध्ये आहे, आणि अपडेट वेळच्या वेळी करावे लागतात. मॅकसाठी वेगळा युजर करून त्याला जागेची मर्यादा घाला, नाहीतर टाइम मशीन मिळेल तेवढी जागा खात जातं आणि बाकीच्यांना उरत नाही. विंडोजचा अख्खा संगणक जसाच्या तसा परत उभा करायचा असेल तर प्लस मालिकेतला डबा घ्या, म्हणजे त्यासाठीचं सिनॉलॉजीचं ॲक्टिव्ह बॅकअप फुकट चालतं. अण्णांच्या डेस्कटॉपसाठी मला ते मोलाचं वाटलं, कारण त्यांची टायपिंगची जुनी सॉफ्टवेअरं पुन्हा शोधून बसवणं आता कठीण आहे.

स्नॅपशॉट, म्हणजे फाइली त्या क्षणी होत्या तशा गोठवून ठेवणं, हा दुसरा मोठा फायदा. सतत जोडलेली नेटवर्क डिस्क रॅन्समवेअरलाही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसलाही) दिसते. लॅपटॉपच्या फाइली कुलूपबंद झाल्या तर त्या डिस्कवरच्याही होऊ शकतात. बीटीआरएफएस ही फाइल साठवायची पद्धत असलेल्या नॅसवर ठरावीक वेळी स्नॅपशॉट घेता येतात आणि संगणकावरून त्यांना हात लावता येत नाही. सगळ्या स्वस्त मॉडेलांत ही सोय नसते, तेव्हा विकत घेण्याआधी तेवढं तपासा. डिस्क सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी) आहे का तेही विचारा.

दोन डिस्कवर एकच डेटा ठेवला म्हणजे दुहेरी बॅकअप झाला असं दुकानदार सांगेल. तसं नाही. एक डिस्क मेली तर काम अडत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच वेळी पुसली जाते, आणि चोरी झाली किंवा घरात पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून अण्णांच्या फोटोंची एक प्रत पोर्टेबल डिस्कवर घेऊन मी बहिणीच्या घरी ठेवली आहे आणि सणावाराला गेलो की ती नवी करतो.

तुमच्याकडे दोनच संगणक असतील, दोन्ही विंडोजचे, वीज फारशी जात नसेल आणि राउटर बऱ्यापैकी नवा असेल, तर आधी राउटरला डिस्क लावून काही महिने बघायला हरकत नाही. त्यातून भागलं तर पैसे वाचले. घरात मॅक आणि विंडोज दोन्ही असतील, वीज वरचेवर जात असेल, किंवा बॅकअप बंद पडल्याचं लक्षात आणून देणारं घरात दुसरं कुणी नसेल, तर मी नॅसकडेच वळायला सांगेन. बजेट ताणायला लागत असेल तर सुरुवातीला एकच डिस्क घाला, दुसरी पुढच्या वर्षी टाका. सिनॉलॉजीच्या एसएचआर पद्धतीत आधीचा डेटा न पुसता ती नंतर जोडता येते. यूपीएस मात्र पहिल्याच दिवशी घ्या, आणि घेताना त्याला मागे यूएसबीचा डेटा पोर्ट आहे आणि तो यूपीएस नॅसला चालणाऱ्या यूपीएसच्या यादीत आहे, हे पाहूनच घ्या. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या स्वस्त यूपीएसना तो पोर्ट नसतो.