250 मिमी पेट्रोल स्कॅरिफायर: घोटलेल्या काँक्रीट रस्त्यांवर काही महिने वापरल्यानंतर

स्कॅरिफायर म्हणजे चाकांखाली घोटून गुळगुळीत झालेला रस्ता खरवडून पुन्हा खडबडीत करणारं, हाताने चालवायचं यंत्र; 250 मिमी ही त्याच्या पट्ट्याची रुंदी. आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. चौक, वळण, रॅम्प, बसथांब्यासमोरचा पट्टा, टोलनाक्याची लेन अशा तुकड्यातुकड्यांच्या कामाला हे यंत्र उत्तम आहे. सलग दोन-चार किलोमीटर लेन खरवडायची असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. तिथे डायमंड ग्राइंडिंगची (हिऱ्याच्या पात्यांनी पृष्ठभाग घासणारी) किंवा ग्रूव्हिंगची (खाचा पाडणारी) मोठी गाडीच लागते. यंत्र विकत घेताना लोक इंजिनाचा विचार करतात, पण पुढे पैसा जातो तो कटर, शाफ्ट आणि धुळीच्या बंदोबस्तावर.

कंपनीचं नाव देत नाही. या आकाराची बहुतेक मॉडेलं आतून सारखीच असतात, आणि खालच्या तक्रारीही सगळ्यांना कमीअधिक लागू आहेत. आमच्याकडच्या यंत्रावर होंडाचं जीएक्स390 इंजिन आहे: 389 सीसी, 6.1 लिटरची टाकी, 1.1 लिटर ऑइल. ऑइल कमी झालं की ते आपोआप बंद पडतं आणि भरल्याशिवाय चालूच होत नाही. साइटवर "इंजिन बसलं" म्हणून गॅरेजला फोन जातो, तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच निघतं. पहिलं ऑइल 20 तासांनी आणि पुढे दर 100 तासांनी बदला, असं पुस्तिका सांगते. काँक्रीटच्या धुळीत मी 50 च्या पुढे जात नाही. एअर फिल्टरचा फोम रोज धुवा आणि आतला कागदी फिल्टर उजेडासमोर धरून बघा.

यंत्राचं काम कसं चालतं हे नीट डोक्यात बसलं की अर्धे बिघाड टळतात. ड्रमवर शाफ्ट असतात, शाफ्टवर टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे कटर सैल ओवलेले असतात आणि दोन कटरांमध्ये वॉशर असतात. ड्रम फिरला की कटर बाहेर फेकले जातात आणि काँक्रीटवर ठोके मारतात. म्हणजे कटरने फक्त टोकाने ठोकायचं असतं, दाबून खरवडायचं नसतं. ड्रम जास्त खाली घेतला तर कटरला झुलायला जागाच उरत नाही. मग तो मागे दुमडून शाफ्टवरच आपटतो, यंत्र उड्या मारतं आणि ऑपरेटर आणखी जोर लावतो. एका फेरीत 2 ते 3 मिमीपेक्षा जास्त मागू नका. खोली हवी असेल तर दुसरी फेरी घ्या, तीही पहिलीला तिरकी.

खोली लावायची पद्धत अशी. ड्रम पूर्ण वर उचलून मगच इंजिन चालू करायचं. ड्रम जमिनीला टेकलेला असताना दोरी ओढली तर यंत्र पुढे झेप घेतं. मग थ्रॉटल पूर्ण. अर्ध्या थ्रॉटलवर पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे, कारण फेरे कमी पडले की कटर नीट बाहेर येत नाहीत आणि एकाच बाजूने घासतात. आता हँडव्हील सावकाश फिरवत ड्रम खाली आणा. कटर काँक्रीटला शिवल्याचा पहिला टकटक आवाज आला की तो शून्य. तिथून थोडंसंच खाली घ्या, लॉकनट आवळा आणि मीटरभर चालवून बघा. पट्टा एका बाजूला खोल येत असेल तर कटर बदलायच्या आधी चाकं तपासा. एका चाकाचं रबर झिजलेलं असतं किंवा खोलीचा दांडा वाकलेला असतो.

ड्रम भरणं हे या यंत्रातलं खरं कसब. शाफ्टवर कटर-वॉशर, कटर-वॉशर असं ओवत जाताना शेवटी काही मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. शाफ्ट हातात घेऊन हलवला की कटर खुळखुळले पाहिजेत. घट्ट भरले तर ते फिरत नाहीत, एका बाजूने सपाट होतात आणि नवा संच बघता बघता भंगारात जातो. शेजारच्या शाफ्टवरचे कटर अर्ध्या जागेने सरकवून लावायचे, नाहीतर रस्त्यावर कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा उठतात. समोरासमोरच्या शाफ्टवर मांडणी आणि कटरांची संख्या सारखीच ठेवा, नाहीतर ड्रमचा तोल जातो आणि बेअरिंग बसतात. झिजलेल्या संचात दोन-चार नवे कटर मिसळायचा मोह प्रत्येक मुकादमाला होतो. नवे उंच असल्यामुळे सगळा मार तेच खातात आणि त्यांची टोकं उडतात. बदलायचा तर पूर्ण संच बदला.

कटर काढल्यावर त्याचं भोक बघा. ते लांबट झालं असेल तर टोक शाबूत असलं तरी कटर संपला. शाफ्टवर नख फिरवा, पायरी लागली तर शाफ्टही गेला. झिजलेल्या शाफ्टवर नवे कटर चढवले की ते त्या खाचांत अडकतात. या सगळ्या कामाआधी इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला, आणि ड्रम पूर्ण थांबल्याची खात्री. इंजिन बंद केल्यावरही तो काही सेकंद फिरत राहतो.

व्ही-बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण 10 मिमी बसला पाहिजे. दोन-तीन बेल्ट असतील तर सगळे एकदमच बदला.

आता रस्त्याकडे येऊ. आपल्याकडच्या काँक्रीट रस्त्यांत साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो आणि त्यात सीलंट भरलेलं असतं. ड्रम खाली ठेवून सांधा ओलांडला की काँक्रीटची कड फुटते, सीलंट ओरबाडून निघतं आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी खाली उतरतं. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा खडूने आखून सोडायचा. मॅनहोलचं झाकण, त्याची चौकट, सिग्नलजवळ गाड्या ओळखण्यासाठी रस्त्यात पुरलेल्या तारेच्या लूपच्या चिरा हे सगळं आधी चालत जाऊन आखून घ्या. बिडाच्या झाकणावर एकदा ड्रम गेला की कार्बाइडची टोकं गोळीसारखी उडतात. खालची रबरी झालर त्यासाठीच असते. ती फाटली असेल तर काम थांबवा आणि बदला. "आजचा दिवस जाऊ दे" हे वाक्य या झालरीबद्दल फार ऐकायला मिळतं.

कामाचा हिशोबही आधी कागदावर मांडा. 250 मिमीच्या पट्ट्यात 25 मिमी एकमेकांवर चढवले तर 3.5 मीटरच्या लेनला 16 पट्टे लागतात. म्हणजे 100 मीटर लेनच्या एका फेरीला ऑपरेटर 1.6 किलोमीटर चालतो आणि तिरकी दुसरी फेरी धरली तर त्याच्या दुपटीच्या आसपास. माहितीपत्रकातला ताशी चौरस मीटरचा आकडा न थांबता चालणाऱ्या यंत्राचा असतो. टोकाला वळवणं, धुळीच्या व्हॅक्यूमची होज ओढणं, त्याची पिशवी बदलणं हे त्यात धरलेलं नसतं.

काम झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. ताज्या खरवडलेल्या काँक्रीटचा रंग पांढुरका होतो आणि सगळंच खडबडीत भासतं. वाळूची चाचणी करा. 300 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली आणि 150 वर राहिलेली कोरडी वाळू 50 मिली घ्या. पृष्ठभाग झाडून तिथे ती ओता आणि रबर लावलेल्या चकतीने गोल पसरवत जा, जोवर वाळू खड्ड्यांत बसून खड्यांच्या माथ्याला लागत नाही तोवर. व्यास चार दिशांनी मोजून सरासरी काढा. 350 मिमी आला तर खडबडीतपणाची सरासरी खोली साधारण 0.5 मिमी, 280 ला 0.8 आणि 250 ला 1 मिमी. गोल जितका लहान तितकं टेक्श्चर खोल. वारा असेल तर आडोसा धरा, नाहीतर वाळू उडते आणि आकडा फसवा येतो. पाच-सहा ठिकाणी घ्या, त्यातली दोन चाकांच्या पट्ट्यात, कारण रस्ता तिथेच घोटला जातो.

दुचाकींचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. उभ्या सलग रेघांत स्कूटरचं चाक सापडल्यासारखं वाटून हँडल हलतं. आडव्या खोल रेघांनी चारचाकीचा आवाज वाढतो. या यंत्राच्या ठोक्यांच्या विस्कळीत खुणा इथे फायद्याच्या. फक्त खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या भागात पायरी राहू देऊ नका. शेवटचा मीटरभर ड्रम थोडा थोडा उचलत कड विरवून घ्या.

डांबरी रस्त्यावर मत थोडं कडू आहे. डांबर वर येऊन चकाकणाऱ्या तुकड्यावर पहाटे काम होतं. ऊन चढलं की डांबर मऊ पडतं, कटरांच्या मध्ये भरतं, कटर फिरायचे थांबतात. खडी सुटायला लागलेल्या रस्त्यावर तर यंत्र नेऊच नका, उरलेलीही निघेल. थर्मोप्लास्टिकचे जुने पट्टे काढायला हेच यंत्र चालतं, पण तिथे पोलादी स्टार कटर लावा आणि तेही सकाळीच.

धूळ. याबद्दल विक्रेता बोलत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. काँक्रीट फोडताना क्वार्ट्झची इतकी बारीक भुकटी उडते की डोळ्यांना दिसणारा ढग खाली बसल्यावरही ती हवेत असते. आठ तासांच्या सरासरीला हवेत घनमीटरमागे 0.05 मिलिग्रॅम ही अमेरिकेतली कामगार सुरक्षेची मर्यादा आहे. कोरड्या स्कॅरिफायरपुढे ती सहज ओलांडली जाते. "आपला दगड बेसॉल्ट, त्यात क्वार्ट्झ नाही" असा युक्तिवाद साइटवर हमखास होतो. खडीत ते कमी असतं हे खरं, पण जुन्या काँक्रीटमधल्या नदीच्या वाळूत असू शकतं. सिलिकोसिस, म्हणजे ही भुकटी फुफ्फुसांत साचून होणारा आजार, कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत (सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत) होता आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा काही उपयोग नाही. आयएस 9473 चा (धुळीच्या मास्कच्या भारतीय मानकाचा) छाप असलेला, नाकावर नीट बसणारा मास्क हवा, आणि दाढीवर तो बसत नाही.

मास्क हा शेवटचा उपाय. आधी धूळ उगमाशीच पकडा. यंत्राच्या तोंडाला 50 मिमीची होज आणि बारीक धुळीचा फिल्टर असलेला औद्योगिक व्हॅक्यूम जोडा, घरगुती नाही. फिल्टर भरला की ओढ कमी होते आणि झालरीखालून धूळ निघू लागते, ती थांबायची खूण. पाणी मारून धूळ बसते, पण तयार झालेला राडा सिमेंटमुळे अल्कधर्मी असतो. तो गटारात ढकलू नका, गोळा करा. रस्त्यावर वाळला की पहिल्याच ट्रकमागे पुन्हा धूळ होऊन उडतो. शिवाय ओल्या राड्याने कटर शाफ्टवर जाम होतात, म्हणून दिवसअखेर ड्रम धुवा. कॉम्प्रेसरच्या हवेने रस्ता साफ करणं बंद करा. समोरच्या चहाच्या टपरीवर ती सगळी भुकटी जाते. अंगावरचे कपडेही हवेने झाडू नका.

हादऱ्यांचं गणित साधं आहे. युरोपच्या नियमांत आठ तासांच्या कामाला 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ही दखल घ्यायची पातळी आणि 5 ही कमाल मर्यादा. हँडलवर 8 हादरा असेल तर दखलीची पातळी साधारण 47 मिनिटांत गाठली जाते आणि कमाल मर्यादा 3 तास 7 मिनिटांत. कटर झिजलेले असतील तर हादरा वाढतो आणि हा वेळ आणखी घटतो. म्हणून दोन ऑपरेटर ठेवा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने बदला. बोटांची टोकं पांढरी पडत असतील किंवा रात्री मुंग्या येत असतील तर त्या माणसाला यंत्रावरून उतरवा. कानाला मफ लागतोच, कापसाचे बोळे पुरत नाहीत.

हँडल सोडलं की यंत्र थांबवणारी लिव्हर तारेने बांधून ठेवलेली दिसली तर यंत्र तिथेच बंद करा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंग रॅम्पवर पेट्रोल यंत्र नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तिथे विजेवरचं मॉडेल भाड्याने आणा. उघड्या रॅम्पवर थांबताना चाकांखाली लाकडी ठोकळे द्या, ढकलायच्या मॉडेलला बहुधा ब्रेक नसतो. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच भरा.

वाहतुकीसाठी आयआरसी:एसपी:55 (रस्त्यावर काम चालू असतानाच्या वाहतुकीबद्दलची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका) मधली मांडणी पाळा: आधी सूचनेचा टप्पा, मग लेन निमुळती होत जाणारा, मग कामाचा आणि शेवटी पुन्हा मोकळं होण्याचा. चार ट्रॅफिक कोन (प्लास्टिकचे शंकू) यंत्राभोवती ठेवले म्हणजे बंदोबस्त झाला असं नाही. ऑपरेटरचे कान झाकलेले, नजर खाली आणि पाठ गाड्यांकडे असते, त्यामुळे झेंडेवाला त्याच्या नजरेच्या टप्प्यात हवा आणि थांबायची हाताची खूण आधी ठरलेली हवी.

घेणार असाल तर विक्रेत्याला आधी एवढं विचारा: कटर आणि शाफ्ट इथे साठ्यात आहेत का, भोकाचा व्यास प्रचलित आहे की फक्त त्यांचाच, हादऱ्याचा आकडा पुस्तिकेत लिहिलाय का, आणि धुळीच्या होजचं तोंड यंत्रासोबत येतं की वेगळे पैसे. सोबत एक पूर्ण भरलेला सुटा ड्रम घ्या. कटर बदलत साइटवर बसण्यापेक्षा ड्रमच बदलला की काम लगेच पुढे सरकतं, आणि जुना ड्रम संध्याकाळी शेडमध्ये उजेडात, घाई न करता भरता येतो.